वाळवण विकायचं आहे? मग फोनवर आधी ओळख वाढवा



मागच्या ज्येष्ठातली गोष्ट. पहिला पाऊस पडून गेला होता. आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईने सरळ विचारलं, "कुरडयांचे तीन डबे माझ्या घरात पडून आहेत. गहू घ्यायला गटातून कर्ज काढलं, त्याचा हप्ता सुरू झाला. आता हे डबे मी खाऊ का?" सगळ्या हसल्या, पण मनातून धास्तावल्या होत्या. तालुक्याचा दुकानदार माल घ्यायला तयार होता, पण तो सांगत होता त्या भावात गहू आणि गॅस एवढाच खर्च निघत होता. चार बायका तीन दिवस उन्हात राबल्या, ते त्याच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

दुसरी म्हणाली, "फोनवर टाका ना. सगळेच टाकतात हल्ली." त्यावर तिसरी जरा रागानेच बोलली, "मी टाकलं होतं. आठ ग्रुपवर टाकलं. एकाचाही फोन आला नाही. एका ग्रुपमधून तर मला काढूनच टाकलं."

हा लेख त्या तिसऱ्या ताईसाठी लिहायला घेतला, कारण तिच्यासारख्या आपल्या प्रभाग संघात पुष्कळ जणी आहेत. आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या, म्हणून उदाहरणं कुरडई, बिबडे, उडदाचे पापड अशी येतील. तुम्ही गोधड्या शिवत असाल, मसाला कुटत असाल, तरी काम तेच आहे.

फोन का आला नाही?

त्या ताईचा मेसेज मी मागून घेतला. तो असा होता : "आमच्याकडे सर्व प्रकारचे पापड, कुरडई, शेवया योग्य दरात मिळतील. त्वरित संपर्क साधा." सोबत एक फोटो, तोही दुसऱ्या कोणाचा, कुठून तरी आलेला. हाच मेसेज तिने एका सकाळी आठ ठिकाणी ढकलला.

आता आपण वाचणाऱ्याच्या जागी बसून बघू. पुण्यात एका सोसायटीच्या ग्रुपवर पाणी कधी येणार याची चर्चा चालू आहे आणि मध्येच एक अनोळखी नंबर 'त्वरित संपर्क साधा' म्हणतो. कोणाच्या घरी बारसं चालू असावं, आपण आत शिरावं आणि पाळण्याशेजारी उभं राहून "पापड घ्या पापड" म्हणावं, तसंच हे झालं. घरच्यांनी बाहेर काढलं तर त्यांचं काय चुकलं?

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप, फेसबुकचा ग्रुप हे बाजार नाहीत, ती कोणाची तरी ओसरी आहे. माणसं तिथे आपापल्या कामाने जमलेली असतात. ओसरीवर आपण काय करतो? चप्पल काढतो, नमस्कार करतो, विचारपूस करतो. दोन-चार वेळा गेलो की घरातली बाईच विचारते, "काय गं, तुमच्याकडे यंदा वाळवण केलं का?" तिने विचारलं की मग सांगायचं. आठवडी बाजारात सुद्धा पहिल्या सोमवारी कोणी घेत नाही. तीन-चार बाजार तीच बाई त्याच जागी दिसली की गिऱ्हाईक थांबतं. फोनवर मात्र आपल्याला वाटतं की सकाळी टाकलं, दुपारपर्यंत विकलं पाहिजे.

कोणाच्या ओसरीवर जायचं?

आपला माल कोणाला हवा आहे याचा आधी विचार करा. कुरडई नाशिकच्या मोठ्या दुकानातही मिळते. मग आपलीच का घ्यायची? जी माणसं आपल्याकडच्या चवीवर वाढली आणि आता गावात राहत नाहीत, त्यांना ती हवी असते. खानदेशातली किती माणसं पुण्याला, मुंबईला, नाशिकला, सुरतेला गेली आहेत ते आपल्याला ठाऊकच आहे. आखाजीला खापरावरचे मांडे, आमरस आणि ताटाच्या कडेला तळलेली कुरडई ही त्यांच्या जिभेवरची आठवण आहे. त्यांच्या फ्लॅटला गच्ची नाही, असली तर खाट टाकायला परवानगी नाही, आणि चीक शिजवायला चार बायका नाहीत.

या माणसांचे ग्रुप आधीच तयार आहेत. गावाच्या नावाचा ग्रुप असतो, त्यात शहरात गेलेली पोरं असतात. शाळेच्या दहावीच्या वर्गाचा ग्रुप असतो. भाऊबंदांचा असतो. फेसबुकवर खानदेशी जेवणाचे, पाककृतींचे ग्रुप असतात, तिथे बायका एकमेकींना विचारतात की कळण्याच्या पिठात ज्वारीला उडीद किती घालायचे. आपल्यासाठी ही जागा सोन्यासारखी आहे. ही उत्तरं आपल्याला झोपेत येतात.

सगळ्यात जवळची जागा मात्र आपलं स्वतःचं स्टेटस. ते २४ तास दिसतं आणि आपोआप जातं. ते कोणाच्या अंगावर जात नाही, ज्याला बघायचं तो बघतो. माहेरची माणसं, नणंदा, मुलीच्या सासरचे, अंगणवाडीच्या ताई, सरावलेले गिऱ्हाईक, हे सगळे आपल्याला ओळखतातच. सुरुवात इथून करा. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष स्टेटस आणि दोन ग्रुप एवढंच पुरे. आठ ग्रुपवर उत्तरं द्यायला वेळ कुठून आणणार? इन्स्टाग्रामवर रील करायची हौस असेल तर पोरींकडून शिकून घ्या, पण हजार लोकांनी पाहिलं आणि एकानेही मागवलं नाही असंही तिथे होतं. बघणारा वेगळा, घेणारा वेगळा.

त्या ताईने दुसऱ्यांदा काय केलं

गावातली एक मुलगी पुण्याला दिलेली आहे. ती एका ग्रुपमध्ये होती, आपल्याच भागातून तिकडे गेलेल्या बायकांचा ग्रुप. तिने ग्रुप चालवणाऱ्या बाईंना आधी विचारलं, "माझ्या गावच्या एक काकू आहेत, घेऊ का?" मग ताई आत गेली. आत गेल्यावर तिने विक्रीचं नाव काढलं नाही. फक्त नमस्कार, गावाचं नाव, आणि "मी वाळवण करते, काही अडलं तर विचारा."

आठ दिवसांत एकीने विचारलं की माझा चीक गुठळ्या का होतो. ताईने लिहिता येत नाही म्हणून बोलूनच उत्तर पाठवलं, माइकचं बटण दाबून. (लिहायचा कंटाळा असणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवा. आपल्या बोलीतला आवाज हीच आपली सही आहे.) तिने सांगितलं, गहू तीन दिवस भिजव, रोज पाणी बदल. वाटून, गाळून घेतल्यावर चीक रात्रभर बसू दे, सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने काढ. पातेल्यात पाण्याला उकळी आल्यावर मीठ-हिंग घाल, चीक बारीक धारेने सोड आणि दुसरीला ढवळायला लाव. एकटीने सोडणं आणि ढवळणं दोन्ही करायला गेलं की गुठळी होणारच. त्या उत्तरावर बावीस जणींनी हात जोडले. विकत घ्या असं एकदाही न म्हणता.

पुढच्या चैत्रात तिने व्हिडिओ पाठवला. तो पाऊण मिनिटाचाही नव्हता. सकाळचं ऊन, खाटेवर स्वच्छ कापड, सोऱ्यातून गोल फिरत पडणारी ओली कुरडई, आणि शेवटी कढईत टाकल्यावर फुलून वर येणारी. गाणं लावलं नव्हतं. मागे कोंबडी ओरडत होती आणि एक बाई म्हणत होती, "ए, पाय नको लावू तिकडे." तो व्हिडिओ ग्रुपवर लोकांनी पुन्हा पुन्हा बघितला. आपल्याला वाटतं फोटो दुकानासारखा हवा, मागे पडदा हवा. शहरातल्या माणसाला मात्र ते अंगणच बघायचं असतं.

एवढं पाळा : फोटो आपल्याच मालाचा हवा. सकाळच्या उजेडात काढा, फोनची काच आधी पदराने पुसा, आणि माल हातात किंवा ताटलीत धरा म्हणजे आकार कळतो. कोणा बाईचा चेहरा येत असेल तर तिला विचारा. ती नको म्हणाली तर फक्त हात दाखवा.

त्या व्हिडिओखाली तिने, म्हणजे तिच्या मुलीने, काय लिहिलं ते इथे देते, कारण मेसेज कसा असावा हे सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं :

"नमस्कार. आज आमच्या अंगणात गव्हाच्या कुरडया घातल्या. रंग नाही, सोडा नाही, फक्त गहू, मीठ, हिंग. यंदा विकायला ४० किलो आहेत. अर्धा किलो आणि एक किलोची पाकिटं. एक किलो ३२० रुपये, पोस्टाचा खर्च वेगळा. आखाजीआधी हव्या असतील तर या रविवारपर्यंत नाव द्या. फोन संध्याकाळी ७ ते ९ मध्ये करा, दिवसा आम्ही उन्हात असतो."

यात काय काय आहे बघा. काय घातलंय, किती आहे, भाव काय, कधीपर्यंत, आणि बोलायचं कधी. 'योग्य दरात' असा शब्द कुठेही नाही. भाव लिहिला नाही की दहा जण "किती?" विचारतात, त्यातले आठ उत्तर मिळायच्या आत दुसरीकडे जातात.

रविवारपर्यंत २६ किलोची नावं आली. चाळीस आली नाहीत, हेही सांगते. उरलेल्या कुरडया जत्रेच्या स्टॉलवर आणि स्टेटसवरून गेल्या.

भाव काढताना लाजू नका

फोनवर भाव विचारणारा माणूस समोर नसतो, त्यामुळे घासाघीस लवकर होते. म्हणून आधी आपला आकडा पक्का हवा. समजा एक किलो कुरडईला गहू ९० रुपयांचा लागला, दळण, गॅस आणि मीठ-हिंग ४०, मजुरी १००, पिशवी आणि खोकं ३०. झाले २६०. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. ३२० ला विकलं तर किलोमागे ६० राहिले. त्यातून फोनचा रिचार्ज, कर्जाचं व्याज, चवीला दिलेली पाकिटं आणि वाटेत फुटलेला माल भागवायचा. कोणी २५० ला मागितली की आपण आपल्याच खिशातले १० रुपये घालून त्याला कुरडई खाऊ घालतोय हे ध्यानात घ्या. मजुरी हिशेबात धरली नसती तर हे कळलंच नसतं.

पोस्टाचा खर्च अंदाजाने सांगू नका. अर्धा किलो, एक किलो आणि दोन किलोची खोकी बांधून पोस्टात घेऊन जा, पुणे, मुंबई, सुरत यांना स्पीड पोस्टने किती लागतील ते विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कुरडई वजनाला हलकी आणि जागेला मोठी. काही कुरियरवाले वजनाऐवजी खोक्याच्या आकारावर पैसे लावतात. आम्हाला हे पहिल्या वर्षी कळलं नाही आणि सात पार्सलं आम्ही पदरचे पैसे घालून पाठवली.

फुटलेलं पार्सल

त्याच पहिल्या वर्षी एका ताईंकडे कुरडयांचा भुगा पोचला. त्यांनी त्या भुग्याचा फोटो थेट ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हे बघा ३२० रुपयांचं पीठ."

आमच्यातली एक म्हणाली, ग्रुप सोडून देऊ. दुसरी म्हणाली, पोस्टवाल्यांनी आपटलं, आपण काय करणार, असं लिहू. दोन्ही केलं असतं तर तो ग्रुप आमच्यासाठी कायमचा बंद झाला असता. शेवटी तिथेच, सगळ्यांसमोर, दोन ओळी लिहिल्या : "ताई, माफ करा. बांधणीत आमचं चुकलं. उद्या दुसरं पार्सल पाठवतो, पैसे नकोत." बाकीचं बोलणं त्यांच्याशी फोनवर केलं. यावेळी जाड पुठ्ठ्याचं खोकं घेतलं, तळाला आणि वर वर्तमानपत्राच्या चुरगळलेल्या गोळ्या भरल्या, आणि खोकं हलवून बघितलं, आत काही वाजतं का. माल पोचल्यावर त्याच ताईंनी अख्ख्या कुरडयांचा फोटो टाकला. त्यानंतर ग्रुपमधल्या ज्या तीन जणींनी मागवलं, त्यांच्यातली एक म्हणाली, "तुम्ही पैसे परत करणाऱ्या आहात हे बघितलं, म्हणून मागवलं."

तक्रार चारचौघांत आली की माफी चारचौघांत, भांडणाचं बोलणं मात्र खाजगीत. आणि खोटी तक्रार वाटली तरी त्या दिवशी उत्तर देऊ नका. रात्र जाऊ द्या.

फोन कोणाच्या हातात?

आता जरा अवघड भागाकडे येते. यावर प्रशिक्षणात कोणी फारसं बोलत नाही.

आपल्याकडे मोठा फोन बऱ्याचदा मुलाचा किंवा मालकांचा असतो. मुलगा कॉलेजात, फोन त्याच्या खिशात. गिऱ्हाईकाचा मेसेज सकाळी दहाला येतो, आपल्याला रात्री कळतो. आणि मुलगा कामाला शहरात गेला की गिऱ्हाईकांचे सगळे नंबर त्याच्यासोबत जातात. एका गटात असंच झालं. तीन वर्षांची ओळख एका सिमकार्डात होती आणि ते सिमकार्ड दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला गेलं.

म्हणून धंद्याचा नंबर वेगळा ठेवा. गटाच्या बैठकीत ठराव करून एकीच्या नावावर सिम घ्या, ठराव वहीत लिहा : हा नंबर गटाच्या धंद्याचा आहे, ती सोडून गेली तर काय करायचं. त्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका. ते फुकट आहे, साध्या व्हॉट्सअ‍ॅपसारखंच चालतं, फक्त त्यात मालाची फोटो-भावासह यादी लावता येते आणि आपण कामात असताना "संध्याकाळी ७ नंतर उत्तर देऊ" असं आपोआप जाणारं उत्तर लिहून ठेवता येतं. नव्या मालाची खबर एकाच वेळी अनेकांना स्वतंत्रपणे पाठवायची सोयही आहे, तिला ब्रॉडकास्ट म्हणतात. पण ज्याने आपला नंबर त्याच्या फोनमध्ये जतन केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये चिठ्ठी घाला, "आमचा नंबर जतन करा." आणि न विचारता कोणाला रोज मेसेज पाठवू नका. लोकांनी तक्रार केली तर व्हॉट्सअ‍ॅप नंबर बंद करतं.

सेटिंगमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी असते, तिथे सहा आकडी पिन लावा. तो अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष दोघींना माहीत असावा, तिसऱ्या कोणाला नको. शिवाय गिऱ्हाईकाचं नाव, गाव, नंबर, काय घेतलं, हे वहीतही लिहा. फोन पाण्यात पडतो, वही सहसा पडत नाही.

आणखी एक. धंद्याचा नंबर ग्रुपवर गेला की रात्री अकराला "हाय", "काय करता", असे मेसेज येणार. आमच्यातल्या एकीला आले. तिने घाबरून कोणाला सांगितलं नाही. घरी कळलं तेव्हा फोन काढून घेतला आणि दोन महिने तिची विक्री बंद राहिली. चूक कोणाची आणि शिक्षा कोणाला! आता आमचा नियम आहे. असा मेसेज आला की उत्तर द्यायचं नाही, फोटो काढून ठेवायचा, त्या नंबराची तक्रार करून तो ब्लॉक करायचा आणि दुसऱ्या दिवशी गटात सांगायचं. घरच्यांनाही आधीच सांगून ठेवायचं की असं होतं, आणि झालं तर काय करायचं हे आम्हाला माहीत आहे. फोनच्या प्रोफाइलवर स्वतःचा फोटो नको, गटाचं नाव आणि मालाचा फोटो लावा. पत्ता विचारला तर गाव-तालुका सांगा, घराची खूण कशाला?

पैसे आले की नाही, हे खात्यात बघायचं

आमच्या गटाचे १,४०० रुपये गेले आहेत, म्हणून पोटतिडकीने लिहिते. एकाने चार किलो मागवले, पैसे पाठवल्याचा फोटो पाठवला, हिरवी खूण, आकडा, सगळं बरोबर. आम्ही माल पाठवला. पैसे आलेच नव्हते. तो फोटो बनवलेला होता. तेव्हापासून फोटो बघून माल जात नाही. खात्यात जमा झालेली रक्कम बघायची, मगच खोकं बांधायचं.

दुसरी तऱ्हा अशी. फोन येतो, "मी सैन्यात आहे, कॅन्टीनसाठी ५० किलो पापड हवेत, आगाऊ पैसे देतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका." एवढी मोठी ऑर्डर ऐकून आपण हरखून जातो. लक्षात ठेवा, पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. तसंच "चुकून जास्त पाठवले, परत करा" म्हणणाऱ्याला आधी खातं बघून मगच उत्तर. अनोळखी नंबरवरून लग्नपत्रिका किंवा बिल म्हणून आलेली फाइल उघडू नका. ओटीपी कोणालाही नाही, बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. आणि फसलोच, तर लाज धरून बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

गटाचं बचत खातं दोघी-तिघींच्या सहीचं असतं, त्यावर फोनवरून पैसे घेण्याची सोय सहसा नसते. मग पैसे एकीच्या स्वतःच्या खात्यात येतात आणि तिथूनच कुरबुर सुरू होते. बँकेत जाऊन विचारा की गटाच्या खात्याला पैसे घ्यायचा क्यूआर कोड मिळेल का. तोवर एकीच्या खात्यात घ्या, पण दर बैठकीत तिने आलेल्या रकमांची यादी फोनमध्ये सगळ्यांना दाखवायची, वहीशी जुळवायची आणि पैसे गटाच्या खात्यात भरायचे. तिच्यावर विश्वास नाही म्हणून हे करायचं नसतं. तिच्यावर कोणी बोट दाखवू नये म्हणून करायचं.

पाकिटावर काय लिहायचं

 खायचा माल विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवी. छोट्या उत्पादकांसाठी मूलभूत नोंदणी असते, तिचा १४ आकडी क्रमांक मिळतो आणि तो पाकिटावर छापायचा असतो. सोबत मालाचं नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, शाकाहाराची हिरवी खूण, गटाचा पत्ता आणि तक्रारीसाठी नंबर. नोंदणीचं काम कसं करायचं ते प्रभाग संघाच्या कार्यालयात विचारा. हा क्रमांक फोटोत दिसला की ग्रुपवरचे अर्धे प्रश्न आपोआप मिटतात, हा आमचा अनुभव.

ग्रुपवर बोलायची वेळ

वाळवणाचा धंदा वर्षाचा असला तरी काम तीन महिन्यांचं. आम्ही काय करायचो, माल तयार झाल्यावर सांगायला सुरुवात करायचो. तोवर शहरातल्या बायकांनी दुसरीकडून घेतलेलं असायचं. आता माघातच विचारतो, "यंदा कोणाला किती लागतील?" नाव देणाऱ्याकडून निम्मे पैसे आगाऊ घेतो. त्या आगाऊ पैशात अर्ध्याहून जास्त गहू येतो, म्हणजे गटातून कर्ज कमी काढावं लागतं. फाल्गुन-चैत्रात बनवताना दोन-तीन व्हिडिओ. आखाजीच्या आधी पार्सलं. पावसाळ्यात विक्री नसते, तेव्हा ग्रुपवर आपण गप्प बसतो आणि इथेच चुकतो. श्रावणात कोणी उपासाचं विचारतं, कोणी कुरडईची भाजी कशी करतात ते विचारतं. उत्तर देत राहा. दिवाळीला शुभेच्छा द्या, पण रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवू नका, त्याने माणूस आपला नंबर मुका करून टाकतो.

जेवढं बनवता येईल तेवढीच नावं घ्या. एका गटाने उत्साहात ९० किलोची नावं घेतली, मध्येच अवकाळी पाऊस आला, चीक आंबला, आणि निम्म्या लोकांचे पैसे परत करायला पुन्हा कर्ज काढावं लागलं. ४० किलो होत असतील तर ३० चीच नावं घ्या आणि ऊन चांगलं पडलं तर उरलेले १० स्टेटसवर सांगा.

सुरुवातीला लिहिलेल्या त्या तीन डब्यांपैकी दोन डबे त्याच पावसाळ्यात ओळखीतून, स्टेटसवरून गेले. तिसरा त्या ताईने नातवंडांना तळून घातला. यंदा तिच्याकडे माघातच १८ नावं आली आहेत.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने वहीत दहा नावं लिहून आणावीत : गाव सोडून शहरात गेलेली, आपल्या हातचं खाल्लेली माणसं. ज्यांच्याकडे मोठा फोन नाही त्यांनीही आणावीत. स्टेटस कसं लावायचं आणि बोलून मेसेज कसा पाठवायचा ते त्या दिवशी तिथेच, एकमेकींच्या फोनवर करून बघू.